दाह शमतो, दाब उरतो

बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन आलेल्या माणसाला औषध हवं असतं ते रिपोर्टात लिहिलेल्या आजाराचं. ‘आयजीए नेफ्रोपथी’ एवढं भारदस्त नाव, म्हणजे औषधही तसंच असणार, महाग असणार, निदान मुंबईहून मागवावं लागणार, अशी त्याची आणि सोबत आलेल्या मामांची अटकळ असते. मी चिठ्ठीवर पहिली गोळी लिहितो ती रक्तदाबाची. मामा चष्मा कपाळावर चढवून चिठ्ठी डोळ्यांजवळ नेतात आणि म्हणतात, “डॉक्टर, ही तर आमच्या घरी हिलाही चालू आहे. याचं दुखणं किडनीचं आहे ना?”

प्रश्न रास्त आहे. मूत्रपिंडाच्या दाहाचे, म्हणजे नेफ्रायटिसचे रुग्ण तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली आणि त्यातला मोठा वेळ याच प्रश्नाचं उत्तर देण्यात गेला असेल. उत्तर थोडक्यात असं: आजार सुरू होतो दाहाने, पण किडनी पाच वर्षांत निकामी होणार की तीस वर्षं टिकणार, हे पुष्कळदा दाब ठरवतो.

प्रत्येक किडनीत केशवाहिन्यांचे सुमारे १० लाख गुच्छ असतात. त्यांना ग्लोमेरुलस म्हणतात. शरीरात इतरत्र केशवाहिन्यांतून रक्त संथ, कमी दाबाने जातं. इथे मात्र दाब मुद्दामच चढा असतो, पाऱ्याच्या ५० ते ६० मिलिमीटरच्या आसपास, कारण त्याच जोरावर दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळायचा असतो. (घाबरू नका, त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत शोषला जातो.) गुच्छाच्या एका टोकाला रक्त आणणारी धमनिका, दुसऱ्या टोकाला नेणारी. बाहेर रक्तदाब चढला की आणणारी धमनिका आपोआप आक्रसते आणि तो चढ आत पोचू देत नाही. निरोगी माणूस जिने चढून आला, कोणाशी कडाकडा भांडला, तरी त्याच्या गुच्छांना त्याचा पत्ता नसतो.

नेफ्रायटिसमध्ये ही राखण ढिली पडते. आयजीए नेफ्रोपथीत आयजीए नावाची प्रतिपिंडं गुच्छात साचतात, सूज येते आणि काही गुच्छांवर वण पडून ते कायमचे बंद होतात. त्यांचं काम उरलेल्यांवर येऊन पडतं. शेतातले निम्मे ड्रिपर बुजले आणि पंप तसाच चालू ठेवला, तर उरलेल्यांतून पाणी फवारल्यासारखं उडतं आणि नळी जोडावर सुटते, तसंच हे. उरलेल्या गुच्छांतला दाब वाढतो, भिंती ताणल्या जातात, प्रथिनं गळू लागतात. गळलेली प्रथिनं पुढच्या नलिकांना इजा करतात आणि तिथेही वण पडतो. मग आणखी काही गुच्छ जातात. मूळ दाह एव्हाना थंडावलेला असला तरी हे काम थांबत नाही.

दाब वाढवते कोण, तर तीच किडनी. आजारी किडनीला मीठ नीट बाहेर टाकता येत नाही, त्यामुळे पाणी साठतं. शिवाय ती रेनिन सोडते, रेनिनमुळे अँजिओटेन्सिन तयार होतं आणि ते सगळीकडच्या धमन्या आवळतं. गुच्छाच्या दारात ते नेणारी धमनिका जास्त आवळतं, म्हणजे आतला दाब दुहेरी वाढतो. किडनीमुळे दाब आणि दाबामुळे किडनी: फ्रान्झ फोल्हार्ड या जर्मन वैद्याने गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच याला दुष्टचक्र म्हटलं होतं.

यात आधी कोण, हा वाद त्याहून जुना आहे. लंडनच्या गायज हॉस्पिटलात रिचर्ड ब्राइट अंगावर सूज असलेल्या रुग्णांची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवत. ती साकळली की आत प्रथिन आहे, आणि असा रुग्ण गेल्यावर त्याची किडनी खराब निघते, हे त्यांनी १८२७ मध्ये लिहिलं. १८३६ मध्ये शंभर रुग्णांच्या नोंदी मांडताना त्यांना आणखी एक गोष्ट खटकली: यांतल्या अनेकांचं हृदय मोठं झालेलं, झडपा मात्र धड. हृदयाला कशाविरुद्ध तरी जोर लावावा लागत होता. कशाविरुद्ध, ते मोजायचं साधन नव्हतं. दंडाला बांधायचा रिव्हा-रोची यांचा पट्टा आला तो १८९६ मध्ये.

मधल्या काळात त्याच गायजमध्ये एक तरुण होऊन गेला, फ्रेडरिक अकबर महोमेद. त्याचे आजोबा साके दीन महोमेद मूळचे पाटण्याचे. लंडनमधली पहिली भारतीय खाणावळ त्यांनी १८१० मध्ये काढली आणि पुढे ब्रायटनला चंपी-मालिशीची स्नानगृहं चालवून नाव कमावलं. नातवाने विद्यार्थिदशेतच नाडीचा आलेख काढणारं स्फिग्मोग्राफ हे यंत्र सुधारलं आणि ते स्कार्लेट फिव्हरच्या रुग्णांच्या मनगटाला लावलं. या तापानंतर नेफ्रायटिस होतो हे माहीत होतंच. महोमेदला दिसलं की लघवीत प्रथिन उतरण्याच्या आधीच नाडीतला ताण वाढलेला असतो. पुढे जाऊन, किडनीचा आजार नसतानाही दाब चढा राहू शकतो, असं त्याने ठासून मांडलं. १८८४ मध्ये विषमज्वराने तो गेला, वय अवघं ३५. आमच्या पाठ्यपुस्तकांत त्याला जागा नव्हती. मी विद्यार्थ्यांना त्याच्याबद्दल आवर्जून सांगतो.

स्कार्लेट फिव्हर आपल्याकडे क्वचित दिसतो, पण त्याचा जंतू, स्ट्रेप्टोकॉकस, ओळखीचाच आहे. पावसाळ्यात मुलाच्या पायावरचे फोड चिघळतात, दोन-तीन आठवड्यांनी सकाळी डोळे सुजलेले दिसतात, लघवी चहासारखी होते. या मुलांत दाब झपाट्याने चढतो, कधी झटके येण्याइतका. पण दाब आणि पाणी आवरलं की बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात. दाह आपला आपण ओसरतो. डॉक्टरने तेवढे दिवस दाब सांभाळायचा असतो.

जुनाट नेफ्रायटिसमध्ये दाब उतरवला तर काय होतं, हे गोळ्या नसलेल्या काळात एका हट्टी माणसाने दाखवलं. वॉल्टर केम्पनर हे जर्मनीतून अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात आलेले डॉक्टर. १९४०च्या आसपास ते रुग्णांना भात, फळं आणि साखर एवढंच खायला देत. मीठ जवळजवळ शून्य. असं सांगतात, की जुनाट नेफ्रायटिस आणि भयंकर दाब असलेल्या एका बाईला त्यांनी दोन आठवड्यांनी यायला सांगितलं होतं. त्यांच्या जर्मन उच्चारांमुळे तिचा गैरसमज झाला आणि ती दोन महिने हाच आहार घेऊन परतली. तोवर दाब उतरलेला, डोळ्यांच्या पडद्यावरचा रक्तस्राव निवळलेला. हा आहार मी कोणाला देणार नाही. दुसऱ्याच आठवड्यात लोक पळून जातील आणि कुपोषणाची भीती आहे ती वेगळीच. पण मिठाचा मुद्दा त्यांनी सिद्ध केला तो कायमचा.

गोळ्यांचं म्हणाल, तर सगळ्या सारख्या नाहीत, आणि मामांना पटवून द्यायला हीच गोष्ट सगळ्यात अवघड. बॅरी ब्रेनर यांच्या बोस्टनमधल्या प्रयोगशाळेने १९८०च्या दशकात उंदरांच्या किडनीचा बराचसा भाग काढून टाकला आणि उरलेल्या भागाचं काय होतं ते पाहिलं. काही उंदरांना जुनी तीन औषधं दिली, काहींना एनालाप्रिल. दंडातला म्हणावा तो दाब दोन्हीकडे सारखाच उतरला. पण गुच्छातला दाब उतरला आणि किडनी वाचली ती एनालाप्रिलवाल्यांचीच. कारण ते अँजिओटेन्सिन तयारच होऊ देत नाही, त्यामुळे नेणारी धमनिका सैल पडते. इटलीतल्या ‘रीन’ चाचणीत १९९७ मध्ये हेच माणसांत दिसलं: दाब जवळपास सारखा ठेवूनही एनालाप्रिलच्याच जातीचं रॅमिप्रिल घेणाऱ्या, भरपूर प्रथिनं जाणाऱ्या रुग्णांची किडनी सावकाश खालावली. ‘ही’ची गोळी आणि भाच्याची गोळी एकाच नावाची असेल, पण ‘ही’ला ती लकवा टाळायला दिलेली असते आणि भाच्याला गुच्छ वाचवायला. अलीकडे आलेली डापाग्लिफ्लोझिनसारखी मधुमेहाची औषधं दुसऱ्या टोकाला काम करतात, आणणारी धमनिका किंचित आवळतात. मधुमेह नसलेल्यांनाही ती आता आम्ही देतो.

दाहावरच्या औषधांचं काय? जर्मनीतली ‘स्टॉप-आयजीएएन’ चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथे सगळ्यांना आधी सहा महिने फक्त दाबाचे आणि प्रथिनांचे उपचार नेटाने दिले. सुमारे एक तृतीयांश लोकांची प्रथिनगळती तेवढ्यानेच इतकी कमी झाली की त्यांना पुढच्या औषधांच्या गटात घालायचं कारणच उरलं नाही. उरलेल्यांत प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं देऊनही तीन वर्षांत किडनीचं काम टिकवण्यात फरक पडला नाही, संसर्ग मात्र वाढले. नंतरच्या, भारतीय रुग्णही असलेल्या ‘टेस्टिंग’ चाचणीत स्टिरॉइडचा फायदा दिसला, तेव्हा तो दरवाजा बंद आहे असं मी म्हणत नाही. आणि काही नेफ्रायटिस असे असतात की आठवड्याभरात रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी खालावली की साचणारा कचरा, दोनावरून सहावर जातं. तिथे स्टिरॉइड आणि त्याहून कडक औषधं आजच्या आज लागतात. दाबाच्या गोळीवर भरवसा ठेवून तिथे बसून राहणं म्हणजे किडनी घालवणं.

बाकीच्यांसाठी लढाई स्वयंपाकघरात असते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट एक चमचा, सगळं धरून. लोक सांगतात, “वरून मीठ घेत नाही हो.” मग मी एकेक विचारत जातो: लोणचं? पापड? सुकट? रोजचा चहा आणि खाऱ्या बिस्किटांचा फेरा? फरसाण? दिवाळीच्या महिन्यात तर विचारायचंही मी सोडून देतो, दाबाच्या वहीतले आकडे आपोआप बोलतात. खारट जेवणारात रॅमिप्रिल-टेल्मिसार्टनसारख्या, अँजिओटेन्सिनला अडवणाऱ्या गोळ्यांचा प्रथिनांवरचा परिणाम बराच कमी होतो, तेव्हा गोळी वाढवण्याआधी मीठ कमी करणं स्वस्त पडतं. सैंधवाने काही साधत नाही, तेही सोडियमच. आणि ‘लो सोडियम’ म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असतं. किडनी अधू असलेल्याने ते विचारल्याशिवाय घेतलं तर हृदयाची लय बिघडू शकते.

रॅमिप्रिल-टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या सुरू केल्यावर दोन-तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन थोडं वाढतं. गुच्छातला दाब उतरल्याचीच ती खूण असते. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ आम्ही धरून चालतो. तरी दर काही महिन्यांनी असा रुग्ण येतो, ज्याची गोळी कोणीतरी ‘किडनीला बाधते’ म्हणून बंद केलेली असते आणि त्याच चिठ्ठीवर गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक लिहिलेलं असतं. खरी बाधणारी गोळी कोणती, हे सांगायला मग अर्धा तास लागतो. जुलाब-उलट्या चालू असतील, अंगातलं पाणी गेलं असेल, तर मात्र दाबाची ही गोळी तेवढे दिवस थांबवायची आणि डॉक्टरांना कळवायचं. हे मी फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून देतो.

दाब किती हवा? २०२१च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत वरचा आकडा १२० च्या खाली सांगितला आहे, पण तो पाच मिनिटं शांत बसवून, पाठ टेकवून, योग्य मापाचा पट्टा बांधून मोजलेला. आमच्याकडे रुग्ण एसटीतून उतरून धापा टाकत येतो आणि पट्टा बाहीवरूनच बांधला जातो. त्या आकड्यावर गोळ्या वाढवल्या तर म्हातारी माणसं न्हाणीघरात चक्कर येऊन पडतात. म्हणून मी घरचा आकडा मागतो, सकाळी गोळीपूर्वी आणि रात्री झोपण्यापूर्वी. रात्रीचा विशेष, कारण निरोगी माणसाचा दाब झोपेत उतरतो आणि किडनीच्या रुग्णांचा अनेकदा उतरत नाही. तरुण आणि प्रथिनं जाणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत मी १२०साठी हट्ट धरतो. सत्तरीच्या माणसाला उभं करून दाब मोजल्याशिवाय मी हट्ट धरत नाही.

मुलींच्या बाबतीत आणखी एक पेच येतो. लग्नाच्या बोलण्यात आई हळूच विचारते, “गोळी सध्या बंद करता येईल का? बघायला येणार आहेत.” गोळी बंद करू नका, पण लग्न झालं आणि मूल हवं असेल तर त्या आधी मला सांगा, असं मी त्या मुलीलाच सांगतो, आईला नव्हे. रॅमिप्रिल आणि टेल्मिसार्टनच्या जातीची औषधं गर्भाला धोक्याची असतात. त्यांच्या जागी लॅबेटालॉल किंवा निफेडिपिन देता येतं. दाब आणि प्रथिनं ताब्यात असताना ठरवून राहिलेलं गरोदरपण बहुतेकदा पार पडतं; अचानक राहिलेलं, दाब चढलेला असताना, आई आणि किडनी दोघींनाही महागात पडतं.

महोमेदने उकरलेला वाद आमच्या ओपीडीत अजून चालू आहे. भारतातल्या जुनाट किडनीविकाराच्या राष्ट्रीय नोंदवहीत, २०१२च्या अहवालानुसार, १४ टक्के रुग्णांपुढे कारण म्हणून नेफ्रायटिस लिहिलंय, १३ टक्क्यांपुढे रक्तदाब आणि १६ टक्क्यांपुढे कारण अज्ञात. माझा अंदाज असा, की दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यातले बरेचजण मुळात पहिल्या रकान्यातले असावेत. तिशीचा माणूस येतो, दाब २००, क्रिएटिनिन आठ, सोनोग्राफीत किडन्या आकसलेल्या. त्या अवस्थेत बायोप्सी करण्यात अर्थ नसतो, म्हणून कागदावर ‘बीपीमुळे किडनी निकामी’ लागतं. नुसत्या दाबाने तिशीत किडन्या एवढ्या आकसणं विरळा. बहुधा दहा-बारा वर्षांपूर्वी कॉलेजात असताना त्याच्या लघवीतून रक्त आणि प्रथिनं जात होती, दुखत काहीच नव्हतं, आणि दाब पहिल्यांदा सापडला तेव्हा ‘टेन्शनमुळे असेल’ म्हणून त्याला घरी पाठवलं गेलं. चाळिशीच्या आत ज्याचा दाब चढा सापडेल त्याची लघवी त्याच दिवशी तपासावी, पट्टी बुडवून का होईना. पट्टीचा रंग बदलला तर प्रथिन आणि क्रिएटिनिनचं प्रमाण काढून घ्यावं, आणि त्या माणसाला दाबाचा रुग्ण न समजता किडनीचा रुग्ण समजून आमच्याकडे पाठवावं.