कर्त्यानें टाकलेली तबकडी

जी वस्तु तिच्या कर्त्यानेंच टाकून दिली, ती आवडून घेण्याचा इतरांस अधिकार आहे काय? हा प्रश्न माझ्या मनांत एका इंग्रजी गाण्यांच्या तबकडीनें उभा केला. लिव्हरपूल शहरांतील 'द ला'ज' नांवाच्या मेळ्यानें स्टुडिओंत सिद्ध केलेली ही एकुलती एक तबकडी. १९९० च्या ऑक्टोबरांत ती निघाली. मेळ्याचें नांव तिकडच्या बोलींतील 'पोरें' या अर्थाच्या शब्दावरून पडलें आहे. मराठी कानाला मात्र त्यांत आपली 'लाज'च ऐकूं येते. पुढील हकीकत वाचल्यावर हा योगायोग अगदींच निरर्थक वाटणार नाहीं.

मेळ्याचा म्होरक्या ली मेव्हर्स. गाणीं त्याचीं, गळाही त्याचाच. त्याच्या डोक्यांत त्याच्याच गांवच्या बीटल्सच्या काळांतला, १९६० नंतरच्या दहा वर्षांतला नाद घुमत होता. तो जसाच्या तसा उतरावा म्हणून १९८७ पासून स्टुडिओ बदलले, निर्माते बदलले, साथीदारही बदलले. पण मनासारखें कांहीं होईना. शेवटीं स्टीव्ह लिलीव्हाइट या नामांकित निर्मात्यानें काम हातीं घेतलें. तेंही पुरें होण्यापूर्वीं मंडळी निघून गेली, तेव्हां हातीं होतें तेवढें जुळवून त्यानें तबकडी सिद्ध केली. ती बाजारांत येतांच मेव्हर्सनें तिला उघडपणें नांवें ठेवलीं! ब्रिटनमधील खपाच्या यादींत ती ३० व्या क्रमांकापलीकडे चढली नाहीं. 'देअर शी गोज' हें तींतलें एक गाणें तेवढें पुढें जगभर गेलें. बाकीचीं अकरा बहुतेकांनीं ऐकलींही नाहींत.

मीं ती सबंध ऐकली ती एके रात्रीं, घर निजल्यावर. सारा पसारा पस्तीस मिनिटांचा. गिटारीच्या तारा खणखणीत, नटवेपणा कोठेंच नाहीं. प्रसिद्ध गाण्याला तर कडवीं अशीं नाहींतच. ध्रुपदच पुन:पुन्हां येतें, आणि तरी कंटाळा येत नाहीं. शेवटचें गाणें जवळजवळ आठ मिनिटांचें. तें संथपणें सुरू होतें आणि आपल्या गवयांप्रमाणें हळूहळू द्रुत लयीला जाऊन भिडतें.

ही जुन्याची नक्कल नव्हे काय, असें कोणी विचारील. आजीच्या पाटल्या आटवून नातीनें बांगडी केली, तर सोनें जुनेंच असतें. पण घडण आणि हात नवे असतात. येथेंही तसेंच आहे.

मग मेव्हर्सला ती कां रुचूं नये? घरची वडील बाई "आज आमटी साधली नाहीं" म्हणते, आणि पंगत तीच आमटी पुन्हां मागते. दोन्ही पक्ष खरेच असतात. तिच्या जिभेवर न साधलेली चव असते. आपल्या पानांत वाढलेली आमटी असते. मेव्हर्सनें मनांत ऐकलेली तबकडी आपणांस कधींच ऐकूं येणार नाहीं.

मात्र या असमाधानाची किंमत मोठी पडली. त्यानंतर आजतागायत त्या मेळ्याची नव्या गाण्यांची तबकडी निघालेली नाहीं. असमाधान हें कलावंताचें बळ खरें. पण योग्य वेळीं त्याच्या हातून काम काढून घेणारा कोणी नसेल, तर तेंच बळ त्याला मुका करतें. लिलीव्हाइटनें मेव्हर्सवर अन्याय केला असेल, पण आम्हां श्रोत्यांवर उपकारच केले. म्हणून ती तबकडी मी आनंदानें ऐकतों. तिची स्तुति मेव्हर्सच्या तोंडावर करण्याचा धीर मात्र मला होणार नाहीं.