शब्दानुपात

श्रावकाच्या बारा व्रतांपैकी देशव्रताकडे आपले लक्ष तुलनेने कमी जाते. दिग्व्रताने जन्मभरासाठी दिशांची मर्यादा घालायची आणि देशव्रताने त्याच मर्यादेत काही काळापुरती आणखी आखडती सीमा स्वीकारायची: आजचा दिवस या गावाबाहेर, या आळीबाहेर किंवा या घराबाहेर व्यवहार नाही. कोणी याची गणना गुणव्रतांत करतात, कोणी शिक्षाव्रतांत, आशय एकच. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात या व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. सीमेबाहेरची वस्तू मागवून घेणे हा आनयन, दुसऱ्याला पाठवून काम करून घेणे हा प्रेष्यप्रयोग, आवाज पोहोचवून आपला हेतू कळविणे हा शब्दानुपात, स्वतःचे रूप दाखवून खूण करणे हा रूपानुपात आणि खडा वगैरे फेकून लक्ष वेधणे हा पुद्गलक्षेप. दूरध्वनी जन्माला येण्याच्या हजाराहून अधिक वर्षे आधी आपल्या आचार्यांनी हे ओळखले होते, की माणूस जागचा न हलताही सीमा ओलांडू शकतो. पाय घरात असतात आणि आवाज बाजारात पोहोचलेला असतो.

आमच्या खारेपाटणला दूरच्या व्यवहाराचे नावीन्य नाही. विजयदुर्गच्या खाडीतून गलबते वर येत, त्या काळापासून हे व्यापाराचे गाव. येथेच सापडलेल्या एका ताम्रपटात शिलाहार राजा अनंतदेवाने शके १०१६ मध्ये, म्हणजे इ.स. १०९४-९५ च्या सुमारास, भाभण श्रेष्ठी आणि त्यांचे बंधू धणम श्रेष्ठी यांच्या जहाजांना ठाणे, सोपारा, चौल अशा बंदरांत जकात माफ केल्याची नोंद आहे. त्या श्रेष्ठींचा निरोप चौलला पोहोचायला वाऱ्याची मर्जी लागे. पुढे टपाल आले, तार आली. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट संस्थेने वातानुकूलनाशिवाय चालणारी छोटी ग्रामीण एक्स्चेंजे घडविली आणि देशातल्या लहान गावांच्या पेढ्यांवर टेलिफोन दिसू लागला. आमच्या दुकानाचा क्रमांक त्यानंतरचा. ताडपत्री, पत्रे, खते आणि भुसार मालाच्या आमच्या गिऱ्हाइकांना तो तोंडपाठ असतो. मोबाईलचे क्रमांक बदलले, तो बदलला नाही.

तांब्याच्या तारेची जागा फायबरने घेतली तेव्हा क्रमांक तोच राहिला, पण आतले सारे बदलले. आता आपला आवाज तारेतून अखंड वाहत जात नाही. त्याचे सेकंदाला साधारण ५० तुकडे होतात, प्रत्येकात २० मिलिसेकंदांचे बोलणे. त्यावर पत्ता लिहिला जातो आणि ते इंटरनेटवरून जाऊन पलीकडे पुन्हा जुळतात. एका संभाषणाला ८० ते ९० किलोबिटांची वाट पुरते. एका बाजूचा आवाज दुसऱ्या बाजूला पोहोचायला १५० मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागला, की दोघे एकमेकांच्या बोलण्यावर आदळू लागतात. आपल्याकडे इंटरनेट टेलिफोनीला १ एप्रिल २००२ पासून मर्यादित परवानगी होती. संगणकावरून परदेशातील फोन लागे, देशातला साधा फोन लागत नसे. २०१८ मध्ये तो अडसर निघाला आणि त्याच वर्षी भारत संचार निगमने ‘विंग्स’ ही सेवा आणली.

यापुढची पायरी म्हणजे दूरस्थ एक्स्चेंज. पूर्वी मोठ्या पेढीत भिंतीवर ईपीएबीएक्सची पेटी असे आणि तिच्यातून गल्ल्यावर, गोदामात, मालकांच्या खोलीत तारा जात. आता ती पेटी कुठल्या तरी शहरातील डेटा सेंटरमध्ये असते आणि दरमहा भाडे भरून आपण तिचा उपयोग करतो. खारेपाटणच्या क्रमांकावर आलेला फोन दुकानात वाजेल, कणकवलीच्या गोदामात वाजेल आणि पुण्यात नोकरी करणाऱ्या पुतण्याच्या मोबाईलवरही वाजेल. फोन करणाऱ्याला मात्र तो खारेपाटणशीच बोलतो आहे असे वाटेल.

आमच्या घरात ही योजना पुतण्याने मांडली. तिच्यात त्याची ओढ होती. दुकान पुढे कोण चालविणार हा प्रश्न आज कोकणातल्या प्रत्येक व्यापारी घरात आहे. शिकलेली मुले परत येत नाहीत आणि वडीलधाऱ्यांचे गुडघे साथ देत नाहीत. पुण्यात बसून संध्याकाळी दोन तास पेढीचे फोन घेता आले, तर दुकानाशी नाते तुटणार नाही, असे त्याचे म्हणणे. ते खोटे नव्हते.

आमचे चुलते दशलक्षण पर्वात देशव्रत घेतात. घर आणि मंदिर एवढीच त्यांची सीमा. त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “अरे, आजवर मी घरी आलो की फोन दुकानात राहायचा. कुलूप लावले की व्रत पाळणे सोपे होते. आता दुकानच माझ्या खिशात वाजणार असेल, तर मी कुठे आहे असे समजायचे?”

पुतण्या म्हणाला, “काका, तुम्ही उचलू नका. आम्ही उचलू.”

“म्हणजे प्रेष्यप्रयोग,” चुलते हसून म्हणाले. हसलो सगळेच, परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

उत्तर त्या यंत्रणेतच सापडले. कोणत्या वेळी कोणत्या फोनवर घंटा वाजावी, हे तिला आधी सांगून ठेवता येते. सूर्यास्तानंतर आमचा क्रमांक कोठेच वाजत नाही. दुकान सकाळी उघडेल एवढा निरोप ऐकू येतो. चुलत्यांचा मोबाईल तिच्यात जोडलेलाच नाही. पर्वाच्या दहा दिवसांत दुपारनंतर पेढी बंद, तसा फोनही बंद. सीमा यंत्र घालून देत नाही. मात्र आपण ठरविलेली सीमा ते बिनतक्रार पाळते.

दुसरा प्रश्न ध्वनिमुद्रणाचा. प्रत्येक संभाषण साठवून ठेवण्याची सोय अशा सेवांत असते आणि वादाच्या वेळी ती उपयोगी पडेल असे सांगतात. आमच्याकडे उधारीची बोलणी फोनवर होतात. मुलीच्या लग्नासाठी हप्ता पुढे ढकला, आजारपणात पैसे गेले, हे माणूस आमच्यापाशी बोलतो, डेटा सेंटरपाशी नाही. सत्याणुव्रताच्या अतिचारांत रहोभ्याख्यान, म्हणजे एकांतातले उघड करणे, याची गणना आहे. उघड करण्याचा हेतू नसला तरी उघड होऊ शकेल असा साठा कशाला करावा? मुद्रण बंद ठेवले. ज्यांना ते आवश्यक वाटते त्यांनी निदान आरंभीच समोरच्याला तसे सांगावे.

तिसरी गोष्ट गिऱ्हाइकांनीच शिकविली. सुरुवातीला “खतांसाठी एक दाबा, पत्र्यांसाठी दोन दाबा” असा आवाज लावला होता. चार दिवसांत एक वृद्ध बाई दुकानात येऊन म्हणाल्या, “बटणां कसली दाबूक सांगतास? माणूस खंय आसा?” मिरगाच्या तोंडावर ताडपत्री हवी असलेल्या बाईला माणूसच हवा असतो. तो आवाज काढला.

व्यवहारी वाचकांसाठी आणखी दोन शब्द. तांब्याच्या तारेला वीज एक्स्चेंजमधून मिळे, त्यामुळे घरात अंधार असला तरी फोन चाले. फायबरचा फोन घरच्या विजेवर जगतो. मे २०२१ च्या तौक्ते वादळात सिंधुदुर्गातील कित्येक गावे दिवसचे दिवस विजेविना होती, हे विसरू नये; राउटर इन्व्हर्टरला जोडावा आणि एक साधा मोबाईल जवळ ठेवावा. संकटात ११२ ला फोन करायचा तो त्या मोबाईलवरून, कारण इंटरनेटवरचा फोन आपण नेमके कोठे आहोत हे सांगेलच असे नाही. परदेशी फोनची गरज नसेल तर ती सोय बंदच ठेवावी आणि यंत्रासोबत आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. चोरटे अशाच उघड्या दारांतून शिरून रात्रीत मोठे बिल करून ठेवतात.

पुतण्या आता रोज संध्याकाळी पुण्याहून दीड-दोन तास फोन घेतो. कोणाच्या शेताला किती युरिया लागतो, हे त्याला पूर्वी ठाऊक नव्हते. आता कळू लागले आहे. तो परत येईल की नाही, हे आम्ही त्याला विचारत नाही. भाभण श्रेष्ठींची जहाजेही वर्षातले कितीतरी महिने दूरच्या बंदरांत असत; पेढीचे नाव मात्र पाण्यावरून फिरत राही. आवाज कितीही दूर जावो, तो कोणत्या वेळी पाठवायचा आणि कोठे थांबवायचा, हे ठरविणारा मालक घरात जागा असला म्हणजे पुरे.