माळ्याची झडप

माळ्याची झडप वाकली ती माझ्या ओल्या फडक्यामुळे, असं आमच्या घरातल्या निम्म्या माणसांचं आजही ठाम मत आहे. झडप माजघराच्या तक्तपोशीत, जमिनीपासून साडेनऊ फुटांवर. तिथवर पोचायला शिडी लागते आणि शिडीवर चढायचं म्हटलं की माझे गुडघे कुरकुरतात. तरी मी म्हणे रोज वर जाऊन फडकं मारत होते! हे ज्यानं पसरवलं त्या कंत्राटदाराला, काम चालू असताना, मी दोन्ही वेळचा चहा हातात नेऊन दिला होता.

पार्श्वभूमी नेहमीचीच. हे बँकेतून निवृत्त झाले, डोंबिवलीचा फ्लॅट मुलाच्या ताब्यात दिला आणि आम्ही कणकवलीजवळच्या गावी राहायला आलो. घर आजेसासऱ्यांच्या वेळचं, चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं. कौलांना पावसाचं भय नाही, भय माकडांचं. एक टोळी छपरावरून उड्या मारत गेली की कौलांचा चुरा, आणि कौलं परतायला गडी मिळत नाही. म्हणून भाऊजींनी मुंबईहून फोनवरच पत्र्यांचं ठरवलं. माकडं आत शिरू नयेत म्हणून दोन्ही बाजूंच्या त्रिकोणी भिंतींतल्या जाळ्याही चिरे लावून बुजवल्या. त्याच ओघात माळ्याची झडपही नवी करू असं निघालं. जुनी झडप फणसाच्या फळ्यांची, डोक्या-खांद्यानं रेटून उघडायची. मला ती कधीच आवडली नव्हती.

नवी झडप मे महिन्यात बसली. खालून पांढरा सनमायका, कडेला पट्टी, आणि चौकटीत इतकी घट्ट की पोस्टकार्ड आत जाणार नाही. कंत्राटदार त्या घट्टपणावरच खूश होता. ‘‘फिनिशिंग बघा वहिनी!’’ मीही बघितलं आणि छान म्हटलं.

आषाढात पत्र्याला घाम सुटला. बाहेर मुसळधार पावसानं पत्रा गार, आत चुलीची वाफ, भाताची वाफ, न्हाणीघराची वाफ, आणि वर गेलेल्या वाफेला बाहेर पडायला जाळी उरलेली नाही. ती पत्र्याला लागून पाणी होणार आणि थेंबथेंब खाली येणार. कौलांच्या फटींतून हीच वाफ वर्षानुवर्षं गुपचूप निघून जात होती. आम्ही आधी समजलो, पत्रा गळतोय. कंत्राटदारानं माणूस पाठवून स्क्रूंभोवती काळं काहीतरी भरलं आणि त्याचे वेगळे पैसे घेतले.

आता हरतालिकेच्या दिवसाबद्दल सांगते. आमची माटवी, म्हणजे टाळे-फळं बांधायची लाकडी चौकट, सुटी आहे. वर्षभर माळ्यावर ठेवायची आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी खाली काढून गणपतीच्या वर बांधायची. पडवीत आंब्याचे टाळे, कवंडळं, तेरडा, सुपारीची शिपटं येऊन पडली होती. पुतण्या शिडीवर चढला आणि झडप रेटली. हलेना. दुसरा चढला. हलेना. मग मुसळ आणलं, मुसळाच्या टोकाला गोणपाट गुंडाळून खालून ठोके दिले. सनमायक्याला तडा गेला, झडप जागची हलली नाही. सासूबाई खाटेवरून विचारत होत्या, ‘‘माटवी आली काय गो?’’ त्यांचं वय नव्वदीच्या पुढे, ऐकू कमी येतं, त्यामुळे दर वेळी ओरडून ‘येते हां’ सांगायचं. कोणीतरी म्हणालं, वरून चार कौलं काढून उतरू. आणि मग सगळे गप्प झाले, कारण कौलं होती कुठे! पूर्वी खरंच तसं करता यायचं. आता वर स्क्रूनं आवळलेले पत्रे. स्वतःच्याच घराच्या माळ्यावर जायची वाट आम्ही पैसे मोजून बंद करून घेतली होती. दुपार गेली, टाळे सुकायला लागले, ह्यांचा रक्तदाब वर. कंत्राटदाराचा फोन लागत नव्हता. चतुर्थीच्या आदल्या दिवशी कोणाचाच लागत नाही म्हणा.

शेवटी संध्याकाळी वाडीतले म्हातारे मेस्त्री आले. त्यांचीही माटवी बांधायची राहिली होती, तरी आले. पटाशीनं त्यांनी झडपेची कड खरवडली तर पट्टीमागचा बोर्ड भिजलेल्या बिस्किटासारखा हातात आला. माझ्या डोक्यावर भुसा, खाली सारवलेल्या जमिनीवर भुसा. मेस्त्री वरूनच म्हणाले, ‘‘वयनी, ह्यां लाकूड नाय, भुसो आसा.’’ रात्री साडेआठला माटवी खाली आली. तिच्यावर पांढरी बुरशी धरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंत्राटदार गणपतीच्या पाया पडायला आला. मी तेव्हा माजघरातल्या कोपऱ्यांतला उरलेला भुसा पुसत होते. हातात ओलं फडकं होतं. त्यानं वर पाहिलं, खाली पाहिलं, मोदक खाल्ला आणि गेला. संध्याकाळपर्यंत भाऊजींना त्याचा फोन. ‘‘दादा, माल चांगलाच होता हो, पण वहिनी सारखं ओलं फडकं मारतात. बोर्डाला पाणी चालत नाही.’’ भाऊजी गौरीपूजनाला आले ते मला समजावतच. ‘‘वहिनी, कोरड्या कपड्यानं पुसत जा.’’ जाऊबाई तर म्हणाल्या, तुम्हांला स्वच्छतेची फार हौस! मी शिडी आणून उभी केली आणि म्हटलं, चढा आणि दाखवा कसं पुसायचं ते. सगळे हसले. विषय हसण्यावारी गेला, म्हणजे मी पुसलं हे नक्की झालं. एखादा पुरुष दिवसभर घरात असता तर त्याच्या फडक्यानं झडप वाकली असती का? ते असो. पण झडपेचं वरचं अंग मी आजवर बघितलेलंही नव्हतं, आणि पाणी लागलं ते वरूनच. खालून तर सनमायका. फडकं मारलं असतं तरी तिथे काय होणार होतं?

हे मला मेस्त्रींनी नीट समजावलं, चतुर्थीची गडबड संपल्यावर. सनमायका एकाच अंगाला लावला तर दुसरं अंग हवेतली ओल पिऊन पसरतं. सनमायक्याचं अंग पसरू शकत नाही. मग बोर्डाचं पोट वर येतं, कोपरे खाली दबतात आणि चौकटीच्या खाचेत रुततात. चौकट तर खऱ्या लाकडाची, तीही फुगते. लाकूड लांबीला जवळजवळ वाढत नाही, वाढतं ते रुंदीला. हवेत ६५ टक्के आर्द्रता असली की लाकडात साधारण १२ टक्के पाणी असतं, आर्द्रता ९० वर गेली की ते २० च्या घरात जातं. हे आकडे ह्यांनी शोधून काढले. मेस्त्री आकडे न सांगता म्हणाले की मे महिन्यात बसवलेल्या दाराला चारी बाजूंनी एकेक सूत मोकळं ठेवायचं असतं. म्हणजे कंत्राटदाराचं ते फिनिशिंग हाच मूळ रोग होता. आमच्याकडे ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जमिनीवर बसून कोणीही सांगेल की मेचं माप भाद्रपदात चालत नाही.

कोणाला कोकणातल्या घरात झडप करायचीच असेल तर भुशाचा बोर्ड घेऊ नका. प्लाय घ्यायचा तर ‘आयएस ७१०’ छापलेला घ्या. नुसतं ‘वॉटरप्रूफ आहे’ हे तोंडी ऐकून घेऊ नका, छाप बघा. आणि रंग, तेल, सनमायका जे काही लावाल ते वरून, खालून आणि चारी कडांना लावा. कडा कोणी बघत नाही म्हणून तिथेच बचत केली जाते. भिंतीतल्या जाळ्याही बुजवू नका. माकडांसाठी बाहेरून लोखंडी जाळी ठोकली की पुरतं.

आमच्या जाळ्या दिवाळीनंतर परत उघडल्या. पत्र्याचा घाम त्यानंतरच्या पावसात कमी झाला, थांबला नाही. झडप मेस्त्रींनी जुन्याच फणसाच्या फळ्यांची करून दिली. त्या मांगरात पडल्या होत्या, त्यांवर आम्ही नारळ सोलायचो. फळ्या एकमेकींना चिकटवलेल्या नाहीत, एकीच्या खाचेत दुसरीची कड नुसती सरकवलेली. त्यामुळे त्यांना फुगायला जागा राहते. ती झडप पूर्वीइतकीच जड आहे आणि मला पूर्वीइतकीच आवडत नाही. पुतणे नसले तर माळ्यावर जाणं रद्द.

आणि पत्र्यांबद्दल एवढं बोलले तरी कौलं परत घालू या असं कोणी म्हटलं तर मीच नको म्हणेन. माकडं पत्र्यावर नाचतात, ढोल वाजल्यासारखं वाटतं, पण फुटत काही नाही. तीन पावसाळे झाले, पावसाचा एक थेंब घरात आलेला नाही. कंत्राटदारानं ते काम चोखच केलं, हे नाकारता येत नाही. त्याचा शेवटचा हप्ता मी अडवून ठेवला आहे. भाऊजी म्हणतात, देऊन टाका वहिनी, गावात राहायचंय. ह्यांचंही तेच म्हणणं. छपराचे देईन, झडपेचे कापून. पण आधी त्यानं भाऊजींना फोन करून सांगायचं की फडक्याचं खोटं होतं. तो म्हणतो, त्यात काय एवढं वहिनी!