मावळ्याची किंमत किती?

तुमच्या घरी जुन्या बुटांच्या खोक्यात नाहीतर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात एक फौज नक्की असणार! कुणाकडे दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे, कुणाकडे हातपाय हलणारे प्लॅस्टिकचे वीर, तर कुणाकडे दोन्ही. मी सोलापुरात प्राथमिक शाळेत शिकवते. शाळेत खेळणी आणायची नाहीत असा आमचा नियम आहे. तरी दर दोन-तीन दप्तरांमागे एकात तरी असा एखादा वीर लपलेला असतोच. वीरांना कसले आलेत नियम!

मधल्या सुट्टीत ह्या वीरांचा बाजार भरतो. "तुझा तो दे, माझा हा घे," असं चालतं. पैसे नसतात, पावती नसते, आणि भांडण मात्र हमखास असतं. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर असाच एक खटला माझ्या टेबलापाशी आला.

पाचवीतल्या एका मुलानं आपले पाच मातीचे मावळे देऊन मित्राकडून एक प्लॅस्टिकचा वीर घेतला होता. वीतभर उंच, चकचकीत, छातीवरचं बटण दाबलं की दिवा लागायचा. तिसऱ्या दिवशी वीराचा हात खांद्यातून निखळला आणि दिवाही लागेना. "बाई, ह्यानं मला फसवलं," पहिला म्हणाला. दुसरा म्हणाला, "फसवलं कुठं बाई? माझा दोनशे रुपयांचा हाय. गड्ड्याच्या जत्रंतनं आणलाय. ह्याचे मावळे वीस-वीस रुपयांचे. शंभराला दोनशे दिले की मी!"

हिशेब अगदी बरोबर होता. तरी पहिल्याचं रडू थांबेना. हळूच विचारलं तेव्हा कळलं, की मावळे आजोबांनी बसून रंगवलेले होते. आणि आजोबा आता नव्हते.

निकाल देण्याआधी मी वर्गालाच विचारलं, "खेळणं चांगलं आहे की नाही, ते कसं ओळखायचं?" कुणी म्हणालं, मोठं असलं की चांगलं. कुणी म्हणालं, महाग असलं की चांगलं. एक मुलगी मात्र म्हणाली, "बाई, आजी चादर घेताना उलटी करून बघती. तसं बघायचं."

शाब्बास! सोलापूरच्या नातीला हे शिकवावं लागत नाही. चादर घेताना आपण नुसता वरचा रंग पाहत नाही. हातावर वजन घेतो, वीण पाहतो, उलट्या बाजूनं नक्षी किती सुबक उतरली आहे ते बघतो. मग वीरांचीही अशीच परीक्षा घ्यायला काय हरकत आहे? आम्ही तो दोनशे रुपयांचा वीर टेबलावर ठेवला आणि परीक्षा सुरू केली.

पहिली परीक्षा सांध्याची. प्लॅस्टिकचा पुतळा साच्यातून निघतो. साचा दोन भागांचा, म्हणून अंगाच्या दोन्ही बाजूंना जोडाची एक बारीक रेघ राहते. चांगल्या कामात ती रेघ हाताला जवळजवळ लागत नाही. घाईच्या कामात तिथं प्लॅस्टिकचा पापुद्रा उरतो आणि बोटाला टोचतो. आमच्या वीराच्या कानापासून टाचेपर्यंत असा पापुद्रा होता.

दुसरी परीक्षा उभं राहण्याची. कशाचाही आधार न देता पुतळा दोन पायांवर उभा राहतो का? त्याचा हात वर केला, तर हात वरच राहतो की आपोआप खाली येतो? मान, खांदा, कोपर, कंबर, गुडघा यांतले किती सांधे हलतात ते मोजा. सांधे जास्त म्हणजे खेळणं चांगलंच, असं नाही बरं का! चौदा सैल सांध्यांपेक्षा चार घट्ट सांधे बरे.

तिसरी परीक्षा रंगाची. डोळे एका ओळीत आहेत का? पट्ट्याचा रंग पोटावर सांडलाय का? ओल्या कापसानं हळूच पुसा. कापसाला रंग लागला, तर ते खेळणं लहान भावंडांच्या हाती देऊ नका. कारण त्यांच्या हातातली वस्तू थेट तोंडात जाते! उग्र वास येत असेल तरीही सावध राहा.

चौथी परीक्षा मालाची. कडक प्लॅस्टिक वर्षानुवर्षं उन्हात राहिलं की पिवळं पडतं आणि ठिसूळ होतं. मऊ प्लॅस्टिकमध्ये मऊपणासाठी जे तेलकट द्रव्य घालतात, ते जुनं झालं की बाहेर येतं आणि पुतळा चिकट होतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. म्हणून फौज पत्र्याच्या छपराखाली किंवा खिडकीत ठेवू नका.

पाचवी परीक्षा नावाची. पाठीवर, पायाच्या तळव्यावर बनवणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं. पुष्कळदा सालही असतं. पण सावधान! ते साल बहुधा त्या पुतळ्याच्या रचनेचे हक्क नोंदवल्याचं असतं, तो पुतळा बनल्याचं नव्हे. १९८२ लिहिलेला वीर त्यानंतर दहा वर्षांनीही बनलेला असू शकतो.

आमचा वीर पाचांपैकी एकाच परीक्षेत पास झाला. त्याच्या अंगाला वास नव्हता आणि रंगही निघत नव्हता. चला, तेवढं तरी बरं!

मग पाळी मावळ्यांची. मातीची परीक्षा निराळी असते. मावळ्याला नखानं टिचकी मारा. भाजलेला असेल तर टणक आवाज येतो, कच्चा असेल तर बद्द वाजतो. बुडाला जिथं रंग नाही, तिथं पाण्याचा थेंब ठेवा. कच्ची माती थोड्या वेळानं मऊ पडते, भाजलेली पडत नाही. बूड खरवडल्यावर पांढरी भुकटी निघाली, तर समजा की ती माती नसून प्लॅस्टर आहे. पोकळ चित्राच्या बुडाला भोक असेल, तर तो दोष मानू नका. भट्टीत तापल्यावर आतली हवा आणि वाफ बाहेर जावी म्हणून ते ठेवलेलं असतं. नाहीतर चित्र तडकायचं.

हे मावळे भाजलेले होते. वजनाला एकसारखे, बुडावर न डगमगता उभे. आणि पाचही चेहरे निराळे! एकाच्या मिशा वर वळलेल्या, एकाच्या झुकलेल्या, एक जरा रागावलेला. साचा एकच, पण कुंचला धरणारा हात प्रत्येक वेळी थोडा वेगळा चालला होता. वर्ग गप्प झाला.

आता किंमतीचं बोलू. "किंमत म्हणजे काय?" मी विचारलं. "दुकानदार सांगतो ती," असं उत्तर आलं. नाही! दुकानदार सांगतो ती मागणी. कुणीतरी खिशात हात घालून खरोखर देतो, ती किंमत. जुन्या वीरांचा संग्रह करणारी मोठी माणसं जगभर आहेत. त्यांच्या बाजारात किंमत तीन गोष्टींवर ठरते. वस्तू किती दुर्मीळ आहे, किती धड आहे, आणि तिच्यासोबतची तलवार, टोपी, खोकं सगळं शाबूत आहे का. पाकीट न फोडलेला पुतळा तिथं खेळलेल्या पुतळ्यापेक्षा खूप महाग जातो.

एक गंमत सांगते. ‘अॅक्शन फिगर’ हा शब्द अमेरिकेतल्या हॅसब्रो कंपनीनं १९६४ साली ‘जी. आय. जो’ ह्या सैनिकासाठी काढला. का? तर मुलगे बाहुली घेणार नाहीत म्हणून! आहे ती बाहुलीच, नाव तेवढं मर्दानी. पुढं हे सैनिक बोटभर उंचीचे झाले आणि आपल्या देशातही बनू लागले. १९८७ साली स्थापन झालेल्या फनस्कूल कंपनीनं ते इथं काढले. त्यातल्या काहींचे रंग अमेरिकेतल्यांपेक्षा वेगळे होते. आज परदेशातले संग्राहक मुद्दाम तेच भारतीय सैनिक शोधतात. ह्या सैनिकांचं धड आणि पाय आतून एका रबरी कड्यानं बांधलेले असतात. वर्षं गेली की रबर कुजतं आणि सैनिक कमरेत दोन तुकडे होऊन पडतो. घाबरू नका, कडं बदलता येतं. पण त्याचा इवलासा अंगठा मोडला, तर तो काही जोडता येत नाही. म्हणून जुना सैनिक घेताना जाणकार आधी अंगठे बघतात.

आणि सगळ्यांत महागडा वीर कोणता, ऐका. ‘स्टार वॉर्स’ ह्या चित्रपटातला बोबा फेट. १९७९ च्या सुमारास केनर कंपनी त्याच्या पाठीवरून छोटं रॉकेट उडेल असा पुतळा काढणार होती. पण त्याच सुमारास दुसऱ्या एका कंपनीच्या खेळण्यातलं असंच रॉकेट घशात अडकून एक मूल दगावलं. मग केनरनं उडणारं रॉकेट रद्द केलं. चाचणीसाठी बनवलेले थोडेसे नमुने तेवढे उरले. त्यातला एक २०२४ साली लिलावात पाच लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेला. म्हणजे चार कोटी रुपयांच्या वर! बघा हं, खेळणं म्हणून जे धोक्याचं ठरलं, तेच किंमतीनं सगळ्यांच्या वर बसलं. म्हणजे किंमत एक सांगते आणि गुण दुसरंच सांगतो.

"आणि बाई, मोल?" चादरवाली मुलगी विचारती झाली.

मोल हे तिसरंच. ते बाजारात ठरत नाही, ज्याचं त्याच्या घरी ठरतं. संग्राहकाची वस्तू खेळल्यानं उतरते, तुमची खेळल्यानं चढते. फळ्यावर मी तीन शब्द लिहिले: गुण, किंमत, मोल. अदलाबदल करताना तिन्ही विचारायचे. वस्तू बनलीय कशी? बाजारात तिला काय येईल? आणि ही गेली, तर मला, माझ्या घरच्यांना काय वाटेल? दोघांनी पहिला प्रश्न विचारला नव्हता, तिसराही नाही. दुसऱ्याच्याच भरवशावर सौदा झाला होता.

वर्गानं निकाल दिला. कुणी कुणाला फसवलं नाही, पण सौदा मोडायचा. वीर परत गेला, मावळे परत आले. पण चारच. पाचवा दुसऱ्याच्या धाकट्या बहिणीच्या हातून फुटला होता. त्यानं खाली मान घालून वीस रुपये पुढं केले. पहिल्यानं ते घेतले नाहीत. हट्टानं नाही, वीस रुपयांचं करायचं काय, हेच त्याला समजेना. पाचव्या मावळ्याचा हिशेब आमच्या वर्गाला आजवर लावता आलेला नाही.

पण मोल नुसत्या आठवणीनंच येतं असं नाही, ते माहितीनंही येतं. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात तेर नावाचं गाव आहे. दोन हजार वर्षांपूर्वी ते तगर नावाचं मोठं व्यापारी शहर होतं. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गावच्या परिसरातल्या जुन्या वस्तू जमवल्या. त्या संग्रहातूनच तिथलं शासकीय वस्तुसंग्रहालय उभं राहिलं. तेरला सातवाहनांच्या काळातल्या पांढऱ्या मातीच्या छोट्या मूर्ती सापडल्या आहेत. त्या कशा बनवलेल्या, ठाऊक आहे? दोन भागांच्या साच्यात! म्हणजे जत्रेतल्या वीरासारखंच तंत्र, पण दोन हजार वर्षांपूर्वीचं. सहलीला गेलात तर मूर्तींच्या कडेला जोडाची रेघ दिसते का ते जरूर पाहा. ह्या मूर्ती तेरच्या आहेत हे माहीत आहे, म्हणून त्या आपल्याला इतकं सांगू शकतात. ठावठिकाणा हरवला असता, तर त्या नुसत्या जुन्या बाहुल्या उरल्या असत्या.

म्हणून एक काम करा. तुमच्या डब्यात प्रत्येक वीराची एक चिठ्ठी ठेवा. कुणी दिला, कधी, कुठून आणला, कुणी रंगवला, काय मोडलं आणि कसं जोडलं. चार ओळी पुरेत. नीट अक्षर काढा, पुढं कुणीतरी वाचणार आहे!

पालकांनाही दोन गोष्टी सांगते. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणं सक्तीचं आहे. जत्रेत घ्या किंवा दुकानात, आधी ते बघा. नोंदणी केलेल्या हस्तकारागिरांना त्यातून सूट आहे. तेव्हा मातीच्या चित्रावर चिन्ह नसलं, तर टिचकी, पाण्याचा थेंब आणि ओला कापूस आहेच. आणि दिवाळीनंतर घर आवरताना मुलांचा डबा त्यांना न विचारता रिकामा करू नका. आपल्याला जे वीस रुपयांचं दिसतं, ते त्यांच्या लेखी काय आहे, हे एकदा विचारून बघा. डबा त्यांचा आहे, आणि आतल्या फौजेची मोजदाद त्यांनाच ठाऊक असते.