आमच्याविषयी आम्हाला विचारा

एप्रिल-मे आला की आम्ही दोघी जावा वर्षाचा मसाला कुटायला लालबागला जातो. घर परळला, त्यामुळे चालतच निघायचे. ब्याडगी, संकेश्वरी, रंगापुरती काश्मिरी, धणे, खडा मसाला; सगळे घ्यायचे आणि डंखावर नंबर लावून बसायचे. मिरचीचा खकाणा असा उडतो की तिथे साडीवाली असो वा ड्रेसवाली, प्रत्येकीने नाक-तोंड पदराने नाहीतर ओढणीने बांधलेले असते.

अशाच रांगेत एकदा शेजारच्या काकूंनी आमच्यातल्या मोठीच्या बुरख्याकडे पाहून विचारले, "एवढ्या उकाड्यात त्रास नाही होत? घरचे सक्ती करतात का हो?" थोड्या थांबून म्हणाल्या, "पण मराठी किती छान बोलता तुम्ही!"

आम्हाला हसू आले. आमचे गाव खेड तालुक्यातले. चुलीपासून अंगाईपर्यंत सगळे मराठीतच झाले, मग दुसरे काय बोलणार? काकूंचा राग मात्र आला नाही. त्यांनी निदान आम्हाला विचारले. एरवी आमच्याविषयी सगळे ठरवून झालेले असते, आम्हाला न विचारताच.

पहिला गैरसमज म्हणजे मुस्लिम बाई एकाच साच्यातली असते. आमच्या एका घरात पाहा. सासूबाई हयात होत्या तोवर साडीच नेसल्या, डोक्यावर पदर. मोठी बुरखा घालते, चेहरा उघडा ठेवते. धाकटी महापालिकेच्या शाळेत शिकवते. पंजाबी ड्रेस आणि डोक्याला स्कार्फ. लोक या सगळ्याला सरसकट 'बुरखा' म्हणतात. खरे तर बुरखा म्हणजे वरून घालायचा पूर्ण पोशाख, नकाब म्हणजे चेहऱ्यावरचा पडदा आणि हिजाब हा शब्द आज डोके व मान झाकणाऱ्या वस्त्रासाठी वापरला जातो. कुरआनात 'हिजाब' हा शब्द पडदा, आड या अर्थाने येतो. ओढणीसाठी तिथला शब्द 'खिमार' आहे. चेहरा झाकण्याविषयी तर आलिमांमध्येही पहिल्यापासून मतभेद आहेत.

दुसरा गैरसमज बाहेरच्यांइतकाच आपल्यातही आहे. पडदा फक्त बाईसाठी, असे आपण धरून चालतो. सूरह नूर काढून पाहा. नजर खाली ठेवण्याचा आदेश ३०व्या आयतीत आधी पुरुषांना आहे, स्त्रियांविषयीचा त्यानंतर, ३१व्या आयतीत. नाक्यावर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींकडे टक लावणारा आपला मुलगा घरी येऊन बहिणीच्या ओढणीची चौकशी करतो, तेव्हा त्याला ही आयत कोण ऐकवते?

तिसरा गैरसमज असा की डोके झाकले म्हणजे शिक्षण आणि काम संपले. हजरत खदीजा (रजि.) स्वतः व्यापार करत. हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडून मोठमोठे सहाबा दीन शिकत. इतके दूर कशाला, मोठी जाऊ बुरख्यातच दादरहून लेस आणि अस्तर आणते, घरी शिवणकाम करते आणि त्या कमाईतून मुलांच्या फिया भरते.

हे सगळे काकूंना सांगताना एक गोष्ट मात्र आम्ही सांगितली नाही. ती आज इथे लिहितो.

मोठीची लेक दहावीपासून हिजाब घालते. तिला कुणी सांगितले नव्हते, उलट "कशाला एवढ्यात?" असेच आम्ही म्हणालो होतो. २०२४ मध्ये ती बारावी झाली. प्रवेशासाठी एका महाविद्यालयात गेलो, तर खिडकीवरच ऐकवले, "वर्गात हे चालणार नाही. काढणार असाल तरच फॉर्म घ्या." त्याच दिवसांत चेंबूरच्या एका महाविद्यालयाच्या ड्रेसकोडचे प्रकरण गाजत होते. नऊ विद्यार्थिनी मुंबई उच्च न्यायालयात गेल्या होत्या. २६ जूनला त्यांची याचिका फेटाळली गेली. त्याआधी कर्नाटकातल्या उडुपीचे प्रकरण झालेच होते; त्यावर १३ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मते परस्परविरुद्ध पडली.

लेक घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. रात्री घरातले पुरुष बसले. मोठे दीर म्हणाले, "नकोच ते कॉलेज. घरी बसून बाहेरून परीक्षा दे. नाहीतरी दोन वर्षांत लग्न करायचेच आहे." आणि खरे सांगतो, आम्ही दोघीही माना डोलावल्या. अब्रू सांभाळली, असेच वाटले.

तेव्हा दाराशी उभी राहून लेक म्हणाली, "तिकडे म्हणतात ओढणी काढ, तुम्ही म्हणता शिक्षण सोड. मला काय हवे ते कुणी विचारले का?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. नियम कॉलेजचा होता, पण मुलीला घरी बसवायला आम्हीच निघालो होतो. बाहेर ज्याला अन्याय म्हणत होतो, तोच घरात प्रेमाच्या नावाने चालला होता.

दुसऱ्या दिवसापासून धाकटीने शाळा सुटल्यावर तिला घेऊन कॉलेजे पालथी घातली. तिसऱ्या ठिकाणी प्रवेश मिळाला, हिजाबसकट. पुढे ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने चेंबूरच्या परिपत्रकातल्या हिजाब आणि टोपीवरील बंदीला अंतरिम स्थगिती दिली. वर्गात बुरख्याला मात्र मुभा दिली नाही. मुलींनी काय घालावे हे त्यांना ठरवू द्या, असेही न्यायालयाने सुनावले. बातमी वाचून लेकीने पेपर आमच्यापुढे सरकवला आणि अभ्यासाला बसली.

तिची धाकटी बहीण हिजाब घालत नाही. नातेवाईक टोमणे मारतात, "एक अशी, एक तशी?" पूर्वी आम्ही खाली मान घालायचो. आता सांगतो, दीनमध्ये जबरदस्ती नाही, हे कुरआनच सांगते. नमाज दोघीही पढतात. बाकीचे तिचे आणि अल्लाहचे.

काकूंच्या प्रश्नाला त्या दिवशी मोठीने उत्तर दिले, "उकाडा होतो हो काकू, तुमच्या साडीत होतो तेवढाच. पण सक्ती नाही." काकू हसल्या. म्हणाल्या, "माझी सासू डोक्यावरचा पदर पडू द्यायची नाही. मला कुणी विचारलेच नव्हते." तेवढ्यात आमचा नंबर लागला.

भगिनींनो, लोकांनी आमच्याविषयी आम्हाला विचारावे, ही आमची मागणी रास्तच आहे. पण तोच प्रश्न आज रात्री जेवताना आपापल्या मुलींनाही विचारा. आणि उत्तर काहीही आले तरी तिचे पुस्तक मिटू देऊ नका.