बर्गेनच्या धक्क्यावर पहिला दिवस

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील बर्गेन हे फार जुने बंदर. इ. स. १०७० च्या सुमारास राजा उलाव किर्रे याने ते वसविले, असे परंपरा सांगते. सात डोंगरांच्या कुशीतील या शहरी आम्ही उभयता जूनमधील एका रात्री येऊन पोहोचलो. अकरा वाजले होते, तरी आकाशातील उजेड मावळला नव्हता. उन्हाळ्यात तेथील घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असते. अंतर थोडके खरे. पण देह आपला हिशेब चोख ठेवतो. बडोद्यास सातला उठणाऱ्या आम्हांस तेथे पहाटे साडेतीनलाच जाग आली. बाहेर पाहतो तो उजाडू लागलेले! मग तळमळत पडण्यापेक्षा शाली पांघरून आणि छत्री घेऊन आम्ही बंदराची वाट धरली.

छत्री तेथे हवीच. बर्गेनला वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. मुंबईचा पाऊस चार महिन्यांत उरकून घेतो, हा बाराही महिने पुरवून पुरवून पडतो.

त्या निर्मनुष्य पहाटे समोर उभी राहिली ती ब्रिग्गेनची रांग. ब्रिग्गेन म्हणजे धक्का. पाण्याकडे तोंड करून खेटून उभी असलेली, तांबड्या, पिवळ्या, पांढऱ्या रंगांची उतरत्या छपरांची लाकडी घरे. दोन घरांमधील बोळात शिरले की पायाखाली फळ्या वाजतात आणि जुन्या लाकडाचा वास दाटून येतो. १७०२ च्या आगीत हा सारा भाग भस्मसात झाला. परंतु लोकांनी तो जुन्याच आखणीवर पुन्हा बांधला. १९५५ साली पुन्हा मोठी आग लागली. आज उरलेल्या बासष्ट इमारती १९७९ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत.

ही वखार होती जर्मन व्यापाऱ्यांची. ल्यूबेक आदी शहरांच्या 'हान्सा' या व्यापारी संघाने १३६० च्या सुमारास येथे आपली पेढी स्थापिली. उत्तरेकडून, लोफोतेनच्या बाजूने, कॉड मासे येत. मीठ न लावता केवळ थंड वाऱ्यावर वाळविलेले. आपल्या कोकणातील वाळवणावरचे बोंबीलच आठवावेत! त्यांच्या मोबदल्यात जर्मन व्यापारी धान्य देत. तेही पुढील वर्षीच्या मासळीवर उचल म्हणून. कोळी कर्जात आणि व्यापारी वहीत, हा सावकारीचा रिवाज तेथेही आपल्याइतकाच पक्का होता.

या व्यापाऱ्यांच्या राहणीचे मात्र नवल वाटते. त्यांना लग्न करण्यास मनाई होती. मालक, कारकून आणि शिकाऊ पोरे, सारे पुरुषच. आगीच्या धास्तीने राहत्या घरांत विस्तव नाही. त्या थंडीत ऊब आणि गरम अन्न मिळे ते मागील बाजूच्या सामाईक खोल्यांत. अशी चार शतके गेली!

दहा वाजेतो आमच्या डोळ्यांवर झापड येऊ लागली होती. कडक कॉफी घेऊन आम्ही जवळच्या ब्रिग्गेन संग्रहालयात गेलो. १९५५ च्या आगीनंतर जळक्या जागेचे उत्खनन झाले. त्यात सापडलेल्या वस्तू येथे मांडल्या आहेत. बर्गेनमध्ये रून लिपीतील सहाशेहून अधिक लेख मिळाले, बहुतेक लाकडाच्या काटक्यांवर कोरलेले. कोणी मालावर आपले नाव कोरलेले, कोणी हिशेब. सुमारे आठशे वर्षांपूर्वीच्या, म्हणजे जर्मन पेढीच्याही आधीच्या एका काटकीवर गिदा नावाच्या स्त्रीचा निरोप आहे: घरी ये, एवढाच. तो वाचून झोप उडाली. नंतर याच धक्क्यावर चार शतके जी माणसे राहिली, त्यांना येथे घरी बोलावणारे कोणीच नव्हते!

तेथून आम्ही मारियाकिर्केन या बाराव्या शतकातील दगडी चर्चमध्ये गेलो. १४०८ पासून हे जर्मनांचे देऊळ. पेढी १७५४ मध्ये बंद झाली. तरी जर्मन उपासना येथे एकोणिसाव्या शतकातही चालू होती. धक्क्यास लोक 'त्युस्केब्रिग्गेन', म्हणजे जर्मन धक्का, म्हणत. दुसऱ्या महायुद्धात नाझी सैन्याने पाच वर्षे देश व्यापला. १९४४ च्या एप्रिलमध्ये बंदरात स्फोटकांनी भरलेल्या जहाजाचा भडका उडून शहराची मोठी हानी झाली. १९४५ नंतर नावातील 'जर्मन' गळून पडले. मात्र उत्तर जर्मनीच्या बोलीतील असंख्य शब्द नॉर्वेजियन भाषेत मुरले आहेत, ते कोणाला काढता आलेले नाहीत.

दुपारी थोडी झोप घेऊन सायंकाळी आम्ही फ्लोयेन डोंगरावर गेलो. १९१८ पासून धावणारी, पोलादी दोराने ओढली जाणारी गाडी ३२० मीटर उंचीवर नेते. नऊ वाजले तरी खाली बंदर उन्हात झळकत होते.

वाचकहो, आपणही परमुलखी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहोत. गायकवाडांच्या पाठोपाठ आमचे पूर्वज बडोद्यास आले ते जाते, देव्हारा आणि लेकुरे घेऊन. आमच्या मराठीत गुजराती शब्द सहज शिरले आणि शेजाऱ्यांच्या घरी आमचे काही पोहोचले. पेढीवरची भाषा पेढीबरोबर उठते. माजघरातली मात्र, मुलांना हाक मारीत राहिलो तरच, पुढे जाते. बर्गेनने आम्हांस ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगितली.