दोन मोटारींची विहीर



गेली तीस वर्षे तुमच्या बांधावर उभा राहून मी एकच गोष्ट सांगत आलो आहे. औषध मारण्याआधी रोग ओळखा. उसाचा पाला पिवळा दिसला की आपण धावत जाऊन युरियाचे पोते आणतो. पण वरची कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या असल्या, तर तो केवडा. तिथे लोह कमी पडलेले असते. नत्र कमी पडले तर आधी खालची जुनी पाने पिवळी होतात. हे न पाहता युरिया टाकला, तर पैसे जातात आणि केवडा जागच्या जागी राहतो. हे सगळ्या गावाला सांगणारा मी, माझ्याच भाचीच्या लॅपटॉपच्या बाबतीत मात्र युरियाचे पोते घेऊनच धावलो. त्याची ही हकीकत.

माझी बहीण तासगाव तालुक्यात दिली आहे. घरची द्राक्षबाग. थोरली मुलगी सांगलीला अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला. दोन वर्षांपूर्वी बेदाण्याच्या पैशातून दाजींनी तिला चांगला, महागातला लॅपटॉप घेऊन दिला होता. गेल्या फाल्गुनात दाजींचा फोन आला.

"पाव्हणं, पोरीचं मशीन गेलं. दुकानदार म्हणतोय आतलं कार्ड जळलंय, अठ्ठावीस हजार लागतील. बेदाणा अजून शेडवर हाय. म्हस इकावी म्हणतोय."

म्हैस गाभण होती. मी क्षणभरही विचार न करता म्हणालो, "म्हैस विकू नका दाजी. निम्मे मी देतो, टाका कार्ड बदलून."

रविवारी पैसे खिशात घालून कोरेगावला रेल्वेत बसलो. वाटेत किर्लोस्करवाडी लागली. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी वसवलेले हे गाव. पंप आणि मोटारीचा विचार मनात आला तो तिथेच, आणि पुढे तोच उपयोगी पडला.

भाचीने लॅपटॉप उघडून दाखवला. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे चित्र ती त्यावर तयार करीत होती. सगळ्या बाजूंनी फिरवून पाहता येते असे ते चित्र. ते फिरवायला गेले की पडदा अडखळे, मध्येच गोठून जाई. दोन महिने ती मैत्रिणीच्या मशीनवर रात्री काम करीत होती. बापाचे पैसे वाया गेले असे वाटू नये म्हणून घरी बोलली नव्हती.

मी विचारले, "बाकीची कामे?"

"बाकी सगळं नीट चालतं, मामा. लिहिणं, हिशेब, सिनेमासुद्धा."

इथे माझ्यातला विस्तार अधिकारी जागा झाला. आजारी जनावर वैरण सोडते. हे तर सगळे खात होते, फक्त जड ओझे आले की बसत होते. मग मी तिलाच म्हणालो, "तू शिकलेली आहेस. यात चित्र काढणारे कोण, ते मला सांग."

तिने सांगितलेले मी माझ्या भाषेत सांगतो. अशा लॅपटॉपमध्ये चित्र काढणारी दोन यंत्रे असतात. एक मुख्य प्रोसेसरच्या पोटातच असते. ती आपली घरच्या पाण्याची छोटी मोटार. वीज कमी खाते, पण हौद तिचा स्वतःचा नाही. मशीनच्या सामाईक मेमरीतूनच भागवते. दुसरे म्हणजे वेगळे कार्ड. ती उसाला पाणी पाजणारी साडेसात अश्वशक्तीची मोटार. तिचा हौद स्वतंत्र, ताकद मोठी, पण वीज जास्त आणि तापणेही जास्त. बहुतेक लॅपटॉपमध्ये पडद्याकडे जाणारी पाइप छोट्या मोटारीलाच जोडलेली असते; मोठीने उपसलेले पाणीही तिच्याच वाटेने पडद्यावर येते.

२००६ च्या सुमारास सोनी कंपनीच्या काही लॅपटॉपवर मोटार बदलायला चक्क खटका होता. तो सरकवून मशीन बंद करून पुन्हा चालू करावे लागे. २०१० साली एनव्हिडिया कंपनीने 'ऑप्टिमस' नावाची पद्धत आणली आणि खटक्याचे काम आपोआप होऊ लागले. आपल्या ऑटो स्टार्टरसारखेच. पण ऑटो स्टार्टर कोणी बंद करून ठेवला, तर मोटार जळाली असे म्हणायचे का?

आम्ही तपासायला बसलो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या 'परफॉर्मन्स' पानावर जीपीयू ० आणि जीपीयू १ अशी दोन नावे दिसायला हवीत. आम्हाला एकच दिसले. दुकानदारानेही बहुधा एवढेच पाहिले असावे. मग लॅपटॉपबरोबर कंपनीचा जो स्वतःचा प्रोग्राम येतो, तो उघडला. त्यात बॅटरी वाचवण्यासाठी मोठे कार्ड पूर्ण बंद ठेवण्याची सोय होती, आणि ती चालू होती.

भाची गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "मामा, दिवाळीत गावाला लाइट नव्हती. बॅटरी पुरावी म्हणून मीच केलं होतं. पार विसरले."

सोय बंद केली, मशीन पुन्हा चालू केले. दुसरे नाव दिसले. मग सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, ग्राफिक्स या वाटेने जाऊन चित्राच्या प्रोग्रामपुढे 'हाय परफॉर्मन्स' निवडले. बंधारा पडद्यावर असा फिरू लागला, की जणू वंगण घातलेले चाक. पैसे खिशात तसेच राहिले. म्हैस गोठ्यात राहिली, आणि वैशाखात व्याली.

वाचकहो, आता तुमच्याही घरी मुलांच्या हाती ही यंत्रे आली आहेत. म्हणून चार शब्द सांगतो. दुकानदाराने कार्ड गेले म्हटले, तर विचारा, "बंद आहे की जळले आहे? दाखवा." खरेच जळलेलेही असू शकते, पण ते पाहून ठरवावे. उलट, बॅटरी तासाभरात उतरत असेल, तर साध्या कामाला मोठी मोटार लागली आहे का तेही पाहावे. अशा प्रोग्रामपुढे 'पॉवर सेव्हिंग' निवडावे. जड काम करताना चार्जर जोडून ठेवावा, कारण नुसत्या बॅटरीवर मोठे कार्ड पूर्ण ताकदीने चालत नाही. आणि मुलाला फक्त लिहिणे, फॉर्म भरणे, सातबारा पाहणे एवढेच करायचे असेल, तर दोन मोटारींच्या मशीनला जादा पैसे मोजू नका. परसातल्या भाजीला साडेसातची मोटार कोण बसवतो?

शेवटचे सांगणे मुलामुलींना. मशीन अडले तर घरी सांगा. भाचीने दोन महिने तोंड मिटून सोसले, आणि दोष होता एका खटक्याचा. बाप रागावेल, पण बापाला न सांगितलेल्या दुखण्याचे औषध फार महाग पडते.

दाजींना फोन केला तेव्हा ते एवढेच म्हणाले, "म्हंजे पाव्हणं, केवडाच म्हणायचा की हा!"

मी म्हणालो, "होय. आणि मी युरिया घेऊन निघालो होतो."